दीड वर्षाचं मूल बोलतं व्हावं म्हणून घरात काय करावं?

वेगळी शिकवणी नको, हातातलं काम बोलत बोलत करा. भाजी निवडताना ‘ही भेंडी, हिरवी भेंडी’, अंघोळीला ‘आता डोक्यावर पाणी’. त्याने ‘भू’ म्हटलं की ‘हो, काळा भूभू आला’ असं शब्द वाढवून परत द्या. ‘नीट म्हण’ असं टोकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारल्यावर थांबा, मनात पाच आकडे मोजा. पुष्कळ घरांत आई-आजीच उत्तर देऊन टाकतात आणि बाळाची पाळी येतच नाही.

मोबाईल नकोच, जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचनाही दोन वर्षांखाली स्क्रीन टाळा अशीच आहे.

दोन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या.