जुन्या मॅकबुकचा फर्मवेअर पासवर्ड आठवत नाही. तो घरच्या घरी काढता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की 2015 चा मॅकबुक एअर भाचीला देण्यापूर्वी पूर्ण पुसायचा आहे, परंतु कमांड आणि आर या कळा दाबून तो सुरू केला की कुलपाचे चित्र येते आणि पूर्वी कधीतरी ठेवलेला पासवर्ड आता आठवत नाही. त्याच वर्षीच्या एअरवर हीच चूक मी केली होती. घरच्या घरी तो निघत नाही, पण लॅपटॉप वायाही जात नाही.

आधी कोणतीही कळ न दाबता लॅपटॉप सुरू करून पाहा. फर्मवेअर पासवर्ड नेहमीच्या डिस्कवरून सुरू होण्याच्या आड येत नाही. दुसऱ्या डिस्कवरून किंवा रिकव्हरीतून, म्हणजे कमांड आणि आर दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या भागातून, सुरू करायला गेलात तरच तो विचारला जातो. म्हणजे तुमची कागदपत्रे आणि छायाचित्रे अडकलेली नाहीत, ती आजच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

डिस्क बदलून काही साधत नाही, कारण हा पासवर्ड डिस्कवर नसून मदरबोर्डवरील चिपमध्ये असतो. रॅमची पट्टी काढून पीरॅम (मॅकच्या काही मूलभूत सेटिंग्ज साठवणारी छोटी मेमरी) तीनदा रीसेट करण्याची जी युक्ती अजूनही सांगितली जाते, ती 2010 च्या आसपासपर्यंतच्या काही मॅकपुरती होती; शिवाय एअरमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असल्याने काढायला पट्टीच नाही. एका दुरुस्तीवाल्याने मला चिपच बदलून देतो असे सांगितले होते. चालू बोर्डावर झाळकाम करून घेण्याची माझी छाती झाली नाही.

खरा मार्ग अ‍ॅपलच्या अधिकृत सेवा केंद्रातून जातो आणि तिथे लॅपटॉपबरोबर खरेदीचे मूळ बिल लागते. माझे बिल दोन दिवस कपाट उपसल्यावर मिक्सरच्या वॉरंटी कार्डाच्या पाकिटात सापडले. केंद्रातील तंत्रज्ञाने कुलपाच्या पडद्यावर चार कळांबरोबर एस दाबला, तेव्हा एक लांबलचक संकेतांक उमटला. तो कंपनीकडे पाठवल्यावर केवळ त्याच यंत्रासाठी तयार झालेली फाइल आली, आणि ती पेन ड्राइव्हवरून चालवताच कुलूप गेले. डिस्कवरील काहीही पुसले गेले नाही.

लॅपटॉप तुम्ही जुना विकत घेतला असेल, तर मूळ मालकाकडून बिल मिळवावे लागेल. बिलाशिवाय केंद्राने नकार दिला तर त्यांच्यावर रागावू नका. चोरीचा लॅपटॉप सहज उघडता येऊ नये म्हणूनच हे कुलूप असते.

कुलूप निघाल्यावर पुसण्याआधी ‘फाइंड माय’ (हरवलेला लॅपटॉप शोधण्याची अ‍ॅपलची सोय) बंद करून आपल्या अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करा, नाहीतर भाचीच्या हातातला लॅपटॉप तुमच्याच खात्याशी जोडलेला राहू शकतो.