तुटलेला मज्जातंतू आणि औषध सोडणारी नळी

प्रश्न : काच लागून माझ्या धाकट्या भावाच्या मनगटातील मज्जातंतू तुटला असून मधला सुमारे तीन सेंटिमीटरचा भाग निकामी झाला आहे. पायातील तंतू काढून तेथे जोडावा, असे डॉक्टर म्हणतात. हळूहळू औषध सोडणारी ‘स्मार्ट’ नळी बसवतात, असे वाचले. तसे केल्यास पायाला हात लावावा लागणार नाही ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्या तुटीसाठी स्वतःच्याच शरीरातील तंतू जोडणे हा मार्ग आजही जगभर प्रमाण मानला जातो. तुटलेल्या दोन टोकांमध्ये बसवायच्या, कोलॅजन या प्रथिनाच्या रिकाम्या नळ्या अमेरिकेत २००१ पासून वापरात आहेत. पण त्यांचा भरवसा लहान तुटीपुरता. आपण वाचलेली औषधी नळी मात्र अजून प्रायोगिक अवस्थेतच आहे.

तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचायला त्याला काही महिने लागतात. वाढीला चालना देणारी प्रथिने नुसती टोचली, तर शरीर ती लवकरच मोडून टाकते. म्हणून ती पीएलजीए या विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सूक्ष्म गोळ्यांत भरतात. पाण्याच्या संपर्काने या गोळ्यांचे लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांत विघटन होते आणि दोन्ही घटकांचे प्रमाण बदलून हा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वाढवता येतो. अडचण अशी, की बराचसा साठा पहिल्याच दिवसांत बाहेर पडू शकतो. त्यावर काही संशोधकांनी असे जेल तयार केले, की ज्याचे दुवे आत शिरणाऱ्या पेशी स्रवत असलेल्या विकरांनीच (एन्झाइमांनीच) तुटतात. वाढ पोहोचेल तिथेच औषध सुटते. माझ्या मते ‘स्मार्ट’ हे विशेषण खरे शोभते ते यालाच, कारण नुसते सावकाश झिरपणे म्हणजे हुशारी नव्हे.

जास्त औषध म्हणजे जास्त वाढ, असेही नाही. जीडीएनएफ हे वाढीला चालना देणारे प्रथिन एकाच जागी फार साठले, तर वाढणारे तंतू तिथेच घोटाळत, गुंता करून बसतात आणि पुढे सरकत नाहीत, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. या क्षेत्रातील खरी कसोटी मात्रेपेक्षा जागा आणि वेळ साधण्याची आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०२० मध्ये जीडीएनएफचे सूक्ष्म गोळे भिंतीत बसवलेली नळी माकडांच्या हातातील पाच सेंटिमीटर तुटीवर वापरली आणि वर्षभराने हाताची हालचाल स्वतःचा तंतू जोडल्याइतकीच सुधारल्याचे नोंदवले. निष्कर्ष आशादायक आहे, पण तो माकडांचा आहे.

नव्या नळीसाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. संदेश न मिळालेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षानंतर पूर्ववत होणे अवघड असते. पोटरीमागचा तंतू काढल्यास पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येतो, पण चालण्याची ताकद जात नाही. तेव्हा जोडणीचा दिवस डॉक्टरांकडून लवकर ठरवून घ्यावा.