तलावातली जलपर्णी दरवर्षी काढूनही परत येते. कायमचा उपाय कोणता?

आपल्या गावच्या तलावातील जलपर्णी ग्रामपंचायतीने सलग दोन उन्हाळ्यांत यंत्र लावून काढली, तरी ती पुन्हा काठापासून काठापर्यंत पसरली. आता औषध फवारावे, भुंगे सोडावेत की पुन्हा यंत्रच आणावे, असे आपण विचारले आहे. मी पुणे जिल्ह्यात नदीकाठी राहतो आणि नदी-तलाव राखण्याच्या कामात गावकऱ्यांसोबत बरीच वर्षे आहे. माझे मत असे की यंत्र, औषध की भुंगे हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तलावात कोणते पाणी येऊन मिळते आणि काढणी कोणत्या महिन्यात होते, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून आहे.

आधी एक रोप पाण्यातून उचलून नीट पाहावे. पानाचा देठ मध्यभागी फुगलेला असतो. तो कापला तर आत हवेने भरलेला स्पंजासारखा गर दिसतो, आणि त्याच्याच बळावर रोप तरंगते. खाली काळसर-जांभळ्या, पिसांसारख्या मुळ्यांचा झुबका लोंबतो. बुडख्यातून पाण्याला समांतर असा एक दांडा निघतो व त्याच्या टोकाला नवे रोप धरते. केळीला जशी पिल्ले फुटतात तशीच ही पिल्ले, फक्त इथे ती दांडा तुटताच वाऱ्याबरोबर दुसऱ्या काठाला जातात. अनुकूल हवामानात व सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात रोपांची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. डिसेंबरच्या आरंभी तलावात 10 रोपे राहिली असतील, तर मेच्या मध्यापर्यंत बारा वेळा दुप्पट होऊन कागदावरच्या हिशेबाने ती 40,000 च्या वर जातात. थंडीत वाढ मंदावते, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा कमी भरेल, परंतु काढणीचा मुहूर्त कुठे चुकतो हे यावरून कळते. आपल्याकडे निविदा निघते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, डासांच्या तक्रारी वाढल्यावर. तोवर वाढ ऐन भरात आलेली असते. हेच काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, वाढ मंद व रोपे विरळ असताना केले, तर दोन-तीन होड्या, दोर, दाताळी आणि गावातील माणसे एवढ्यावर ते बरेचसे पार पडू शकते.

याहून मोठा मुद्दा पाण्याचा. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तिच्या सुंदर फिकट जांभळ्या फुलांमुळे बंगालमध्ये आणली गेली आणि पुढे तिथल्या नद्या, खाड्या, भातखाचरे तिने इतकी व्यापली की 1936 मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तिच्या मूळ प्रदेशात तिला खाणारे कीटक आहेत, इथे ते नव्हते. पण केवळ तेवढ्याने ती माजत नाही. तिला नायट्रोजन व फॉस्फरस भरपूर लागतात, आणि ते आपण घरच्या मोऱ्यांतून, शौचालयांच्या टाक्यांतून, कपडे-भांड्यांच्या साबणातून व उसाच्या शेतातील जादा खतांतून तिला पुरवतो. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात पवना, मुळा, मुठा, इंद्रायणी या चारही नद्यांवर दर हिवाळ्या-उन्हाळ्यात जलपर्णी दिसते, आणि जिथे मैलापाण्याचे नाले मिळतात तिथे तिचा थर सर्वांत दाट असतो. पहिल्या पुरात हा थर भीमेत उतरतो आणि खाली उजनीच्या फुगवट्याकडे वाहत जातो. शहरात नदी मोकळी झाल्याचा आनंद होतो, तेव्हा खालच्या कोळ्यांच्या जाळ्यांत ती अडकू लागलेली असते. मला याचे फार वाईट वाटते, कारण ज्यांनी ते सांडपाणी सोडले नाही त्यांच्या पोटावर हा भार पडतो.

म्हणून आपल्या तलावाला मिळणारे सर्व ओढे-नाले आधी पायी फिरून पाहावेत. कोणत्या वस्तीचे सांडपाणी कुठून उतरते याचा साधा नकाशा करावा व तो ग्रामसभेपुढे ठेवावा. घरोघरी शोषखड्डे, नाल्याचे पाणी तलावात शिरण्यापूर्वी लव्हाळा, पाणकणीस अशा स्थानिक वनस्पतींच्या उथळ पट्ट्यातून फिरवणे, तलावाच्या कडेच्या शेतांत खताची मात्रा आवरणे व काठाशी गवताचा रुंद पट्टा राखणे, ही कामे गावाच्या आवाक्यातील आहेत. वर एखादे मोठे गाव वा शहर असेल, तर तेथील मैलाशुद्धीकरण केंद्र चालू आहे का, एवढेच विचारून थांबू नये. नेहमीचे केंद्र पाण्यातील सेंद्रिय घाण कमी करते, परंतु नायट्रोजन व फॉस्फरस काढण्याची वेगळी सोय नसेल, तर स्वच्छ दिसणारे पाणीही जलपर्णीला पोसत राहते. हा मुद्दा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी मांडावा.

औषधाबद्दल माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. तणनाशकाने जलपर्णी मरते हे खरे. पण मेलेला सगळा थर एकाच वेळी तळाशी जातो, कुजू लागतो आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतो. मग मासे मरून वर येतात. जे नायट्रोजन-फॉस्फरस रोपांत साठले होते ते पुन्हा पाण्यात मोकळे होतात व पुढच्या पिढीला खत मिळते. त्या तलावावर गुरे पाणी पितात, जवळच्या विहिरींना पाझर जातो, हे निराळेच. याच कारणाने, ‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, म्हणून राहू द्यावी’ हा युक्तिवादही मला मान्य नाही. ती पोषकद्रव्ये शोषते हे शास्त्रीय सत्य आहे, परंतु वेळेवर बाहेर काढली तरच त्याचा उपयोग. जागीच कुजली तर घेतलेले सारे ती परत देते, आणि दरम्यान पाण्याखाली सूर्यप्रकाश व हवा पोहोचू देत नाही.

भुंग्यांचा पर्याय मात्र गांभीर्याने घ्यावा. निओकेटिना नावाच्या छोट्या सोंडे किड्यांच्या दोन जाती जलपर्णीवरच जगतात. 1980 च्या दशकाच्या आरंभी त्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रात आणून, पिकांना त्यांच्यापासून धोका नाही ना याच्या चाचण्या घेऊन, तलावांत सोडल्या गेल्या. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात 1990 च्या दशकाच्या अखेरीस जलपर्णी मोठ्या प्रमाणात ओसरली, त्यात या भुंग्यांचा महत्त्वाचा वाटा मानला जातो. प्रौढ भुंगा पानाची वरची साल खरवडतो, त्यामुळे पानावर फिकट तपकिरी, बारीक चौकोनी-गोलसर ठिपके दिसतात. अळी देठ पोखरत बुडख्याकडे जाते. आपल्या तलावातील पानांवर असे ठिपके आहेत का, हे प्रथम पाहावे, कारण भुंगे आधीच आलेले असू शकतात. तसे असेल तर यंत्राने एकदम सगळा थर उपसणे म्हणजे भुंग्यांनाही बाहेर फेकणे होय. एखाद्या कोपऱ्यात, दोर व रिकाम्या पिंपांच्या अडथळ्याआड, थोडी जलपर्णी त्यांच्यासाठी राखावी लागते. भुंग्यांना फळ द्यायला काही वर्षे लागतात, आणि पाणी फार पोसलेले असेल तर जलपर्णी त्यांच्यापेक्षा वेगाने वाढते. दर पावसाळ्यात थर वाहून जाणाऱ्या नद्यांवर त्यांचा जम बसत नाही, साठलेल्या तलावात बसू शकतो. ते मिळवायचे तर जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाशी किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाशी संपर्क साधावा; कोणाकडून तरी डब्यात भरून आणून सोडू नयेत.

आता यंत्राने किंवा हाताने काढण्याविषयी, कारण ते करावेच लागणार आहे. पोकलेन काठावर उभे करून जेवढा हात पोहोचतो तेवढेच ओढले जाते व मध्यभाग तसाच राहतो. रोपांचे तुकडे करणारे यंत्र वापरले आणि ते तुकडे गोळा झाले नाहीत, तर बुडख्याच्या तुकड्यांतून नवी रोपे उठतात. वाऱ्याची दिशा पाहून, ज्या काठाला थर आपोआप लागतो तिथूनच ओढायला सुरुवात करणे सोयीचे. दाट जलपर्णीचे ओले वजन हेक्टरी 200 टनांहून अधिक भरू शकते आणि त्यात नऊ दशांशाहून अधिक पाणीच असते. ती ओलीच डंपरमध्ये भरणे म्हणजे पाणी वाहून नेण्याचे भाडे देणे. मुळ्या वर करून ती काही दिवस उन्हात सुकू द्यावी, पण पूररेषेच्या वर. काठालगत लावलेले ढीग पहिल्याच मोठ्या पावसात पुन्हा तलावात उतरलेले मी पाहिले आहेत, आणि त्या वर्षीची सगळी मेहनत तिथेच संपली. तलाव केवळ घरगुती सांडपाण्याचा असेल तर शेणाबरोबर कुजवून चांगले खत होते. कारखान्यांचे पाणी येत असेल तर तसे करू नये, कारण ही वनस्पती जड धातू आपल्या मुळ्यांत साठवते. ते खत भाजीपाल्याला वा ती पाने गुरांना घालणे धोक्याचे आहे. वाळलेल्या देठांच्या टोपल्या, पिशव्या करणारे बचतगट आहेत व त्यांच्या कामाचा मला आदर आहे, मात्र त्यातून तलाव मोकळा होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तलावात वाढते तिच्या तुलनेत त्यांची गरज फारच थोडी असते.

काढताना कमळ, कुमुदिनी, शिंगाडा सरसकट उपटू नयेत. ती तलावाची आपली झाडे आहेत. ती गेली की मोकळ्या झालेल्या पाण्यावर पिस्टियासारखी दुसरी तरंगती वनस्पती पसरते आणि गाव पुन्हा तिथेच येऊन थांबते. नदीवर कोल्हापुरी बंधारा असेल तर पावसाळा संपून बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसवताना वरच्या अंगाला अडकलेली रोपे त्याच दिवशी काढून घ्यावीत, कारण साचलेल्या पाण्यात ती लगेच पसरू लागतात. दुसऱ्या तलावात वापरलेली जाळी व होड्या धुऊन, वाळवूनच आपल्या तलावात उतरवाव्यात. घरच्या कुंडीत किंवा मत्स्यपेटीत ठेवलेली पाणवनस्पती नको झाली तर ती तलावात न टाकता सुकवून मातीत पुरावी, आणि जवळच्या रोपवाटिकेत जलपर्णी शोभेची म्हणून विकली जात असेल तर त्या मालकाशी शांतपणे बोलावे.

सर्व काही नीट केल्यावरही पुढची कित्येक वर्षे पहारा लागेल. जलपर्णीचे बी तळाच्या गाळात 15 वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते, आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटून ओला चिखल उघडा पडला की त्यावर ते रुजते. ती रोपे पहिल्यांदा गवताच्या पात्यासारखी अरुंद दिसतात, देठ फुगलेला नसतो, म्हणून ओळखू येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एकदा कोणीतरी तो काठ चालून यावा व रोपे मुळासकट उपटून टोपलीत घालावीत. गावातील शाळेच्या मुलांना ती ओळखायला शिकवता येते. शिक्षक सोबत असावेत आणि मुलांना काठाच्या कोरड्या भागापुढे जाऊ देऊ नये.