फीचर सिलेक्शनसाठी कुठला हायब्रिड घेऊ, ग्रे वुल्फ + पीएसओ की व्हेल + जीए? पुण्यात एमई करतोय, गाईड म्हणतात नॉव्हेल्टी पाहिजे

एमईला आहेस म्हणजे माझ्यापेक्षा लहानच असशील, म्हणून अरेतुरे करतेय. कुठलाही घे. ग्रे वुल्फ, पीएसओ (पार्टिकल स्वॉर्म), व्हेल, जीए (जेनेटिक अल्गोरिदम), हे सगळे शेवटी ढीगभर फीचरांतून, म्हणजे डेटाच्या कॉलममधून, कामाचे तेवढे शोधणारे अल्गोरिदम, आणि हायब्रिड म्हणजे त्यातले दोन जोडलेले. तुझा रिझल्ट खरा की खोटा हे लांडग्यावर नाही ठरत, टेस्टचा डेटा तू कधी बाजूला काढतोस त्यावर ठरतं. 'नॉव्हेल्टी पाहिजे' वाचलं आणि राहवलं नाही.

मीपण पुण्यातच एमई केलं. आमच्या लॅबमध्ये सीनियरकडून ज्युनियरकडे चालत आलेला एक कोड होता, कोलन कॅन्सरच्या त्या १९९९ च्या डेटावरचा, ६२ सॅम्पल आणि २००० जीन्स. आधी म्युच्युअल इन्फर्मेशनने (ट्यूमर की नॉर्मल या लेबलशी जीनचा संबंध किती, याचं माप) वरचे जीन्स काढायचे, त्यावर हायब्रिड चालवायचा, मग टेन-फोल्ड (सॅम्पलचे दहा भाग, दर वेळी एक टेस्टला, बाकी ट्रेनिंगला), आणि ॲक्युरसी जवळपास शंभर. सगळे खूश. मला पटेना, कारण जीन्स निवडताना सगळीच्या सगळी ६२ सॅम्पल वापरलेली, मग नंतर फोल्ड पाडून उपयोग काय, टेस्टवाल्यांची लेबलं तर आधीच बघून झालीत ना! सरांना विचारलं तर म्हणाले, पेपरमध्ये सगळे असंच करतात.

मग घरी येऊन मी लेबलंच शफल केली. कुणाला ट्यूमर, कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून टाकलं, बाकी कोडच्या एकाही ओळीला हात लावला नाही. आता यातून शिकण्यासारखं काही उरलंच नाही. ४० ट्यूमर, २२ नॉर्मल, म्हणजे डोळे मिटून सगळ्यांना ट्यूमर म्हटलं तरी ६४.५ टक्के येतात, त्याच्या फार वर जायचं कारण नाही. आले नव्वदच्या वर. सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो) बदलून बदलून चालवलं, तेच. मग जीन्सची निवड प्रत्येक फोल्डच्या आत, फक्त ट्रेनिंगच्या सॅम्पलवर केली तेव्हा शफलवाला आकडा धाडकन खाली आला, आणि खऱ्या लेबलांवरचे शंभरही ऐंशीच्या घरात आले. वर, हायब्रिडने जितक्या वेळा फिटनेस (निवडलेला सबसेट किती चांगला याचा स्कोअर) मोजला तितकेच नुसते रँडम सबसेट काढून त्यातला सगळ्यात बरा ठेवला, तर दोघांतला फरक दिसेना.

हे सगळं रिव्ह्यूला मांडलं. पॅनलमधले एक सर म्हणाले, तो रँडमचा कॉलम काढून टाक, तुझी नॉव्हेल्टी मार खाते. मी नाही काढला. मार्क कमी पडले आणि ते अजून टोचतं, कारण त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं की अँब्रोईज आणि मॅक्लाक्लन यांनी २००२ मध्येच, याच कोलनच्या आणि ल्युकेमियाच्या डेटावर, निवड फोल्डच्या बाहेर केली की आकडा फुगतो हे दाखवून दिलेलं आहे.

आता तुझ्या हायब्रिडबद्दल. ग्रे वुल्फ आला २०१४ मध्ये, पीएसओ १९९५ चा. २०२० मध्ये कामाचो-व्हियालॉन, श्ट्युट्झ्ले आणि डोरिगो (मुंग्यांचा अल्गोरिदम आणणारा तोच) यांनी सरळ लिहिलं की ग्रे वुल्फ, फायरफ्लाय आणि बॅट या तिन्हींत नवीन काही नाही, कल्पना पीएसओच्याच आहेत. म्हणजे पीएसओमध्ये पीएसओच मिसळणार आहेस तू. व्हेल + जीएमधला व्हेल काढ. फीचर घ्यायचं की नाही हे मुळात शून्य-एकचं काम, जीए थेट बिटांवर चालतो, व्हेलला मात्र आधी सिग्मॉइड (कुठलाही आकडा ० ते १ मध्ये आणणारं फंक्शन) लावून बिट पाडावे लागतात. साधा जीए आणि त्यावर एकेक बिट उलटून बघणारा लोकल सर्च, हा हायब्रिड मला पटतो.

आणि फिटनेसमध्ये एररला ०.९९, फीचरच्या संख्येला ०.०१ हे वजन डोळे झाकून उचलू नकोस. ६२ सॅम्पलमध्ये एक चुकलं की ०.०१६ चा फटका, आणि २००० च्या २००० जीन्स टाकून दिले तरी फायदा फक्त ०.०१. मग संख्या कमी करायची त्याला गरजच काय?

हां, सॅम्पल हजारोंनी असतील, फीचर जोडीनेच कामाचे असतील, तर असा सर्च एकेक फीचर सुटं तपासणाऱ्या फिल्टरपेक्षा खरंच सरस ठरू शकतो, तेव्हा माझं सगळं जसंच्या तसं तिथे लावू नकोस. आणि सगळे गाईड तसे नसतात, तुझ्या सरांना आधी २००२ चा तो पेपर वाचायला दे. पण थिसिसमध्ये शफल लेबलचं टेबल आणि रँडमचा कॉलम दोन्ही टाकच, कुणी काढायला सांगितलं तरी काढू नकोस. पायथॉनचं सायकिट-लर्न वापरत असशील तर सिलेक्टर पाइपलाइनमध्येच ठेव, म्हणजे निवड आपोआप फोल्डच्या आत होते. मॅटलॅबमध्ये फोल्ड पाडणारा बाहेरचा लूप स्वतःच लिही, सीनियरचा घेऊ नकोस.