घाट नसलेल्या शहरात राहून एव्हरेस्टिंग जमेल का? तयारीला किती महिने लागतात?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, मुक्काम इंदूर, २०० किलोमीटरच्या दोन बीआरएम (लांब पल्ल्याच्या सायकल राइड) झाल्यात, आणि सह्याद्रीसारखे घाट जवळ नसताना हे जमेल का. हेच वाक्य माझ्या पुण्याच्या मामेभावाने मला लग्नाच्या पंगतीत, चार लोकांसमोर ऐकवलं होतं. "माळव्याचं पठार ते! तिथे कुठला आलाय चढ? आधी सिंहगड कर, मग बोल." म्हणून उत्तर लिहायला बसलो.

जमतं. मी इंदूरजवळच्या जानापावला केलंय.

एव्हरेस्टिंग म्हणजे सायकलसाठी एकच चढ घ्यायचा, एव्हरेस्टच्या उंचीइतके ८,८४८ मीटर चढून भरेपर्यंत वर-खाली करायचं, उतरायचं त्याच रस्त्याने, मध्ये झोपायचं नाही. वेळेची मर्यादा नाही. चढ नावाजलेला असावा असं नियमात कुठेही नाही. १९९४ साली ऑस्ट्रेलियात जॉर्ज मॅलरी यांनी हे पहिल्यांदा केलं. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मरण पावलेले मॅलरी ते यांचे आजोबा. नातवाने डोना बुआंगच्या रस्त्यावर सायकलने सराव केला आणि पुढच्या वर्षी खरंच एव्हरेस्ट चढला. त्यालाही घराजवळचा एक डोंगर पुरला.

जानापाव म्हणजे महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावरून वळलं की लागते ती टेकडी, वर परशुरामाचं देऊळ आणि चंबळ जिथून निघते ते कुंड. मी पूर्ण रस्ता घेतला नाही. ज्यात खड्डे कमी आणि मध्ये उतार नाही असा दोन किलोमीटरचा टप्पा निवडला. चढाई १६० मीटर, म्हणजे ५६ फेऱ्या. मधला उतार टाळा, कारण तिथे गमावलेली उंची पुन्हा चढावी लागते.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी पहाटे तीनला सुरुवात केली. बाबा, वय ७१, टप्प्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. मांडीवर शाल, हातात शंभर पानी वही. प्रत्येक फेरीला एक दांडी, पाचवी आडवी. आईने दिलेले उकडलेले बटाटे जिरावन मसाला लावून डब्यात होते, गुळाच्या पोळ्या होत्या. एनर्जी जेलची गोड पाकिटंही होती, पण दहाव्या तासानंतर गोड घशाखाली उतरेना. तेव्हा मीठ लागतं, बटाटा लागतो. नुसतं पाणी पीत राहू नका. घामातून मीठ गेलेलं असताना साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि माणूस बरळायला लागतो.

त्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा, दुसरा मुद्दा होता, "अर्धा वेळ तर उतारच, म्हणजे आरामच." पाच मिनिटांचा एक उतार धरला तर ५६ उतारांचे चार तास चाळीस मिनिटं होतात. तेवढा वेळ ब्रेक दाबून धरायचा, खडीवर नजर ठेवायची, घामेजलेल्या अंगावर थंड वारा घ्यायचा. अडतिसाव्या फेरीला माझ्या उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर वळेनात. बाबांनी त्यांच्या तळहातात धरून ती चोळली, वर लोकरीचे मोजे चढवले. पाय त्या वेळी ठीक होते. म्हणून सरावात पायांइतकेच हात, खांदे आणि कंबर तयार करा. ब्रेक पॅड नवे घालूनच जा.

रात्री अकराच्या पुढे सायकलवरच्या उंची मोजणाऱ्या मीटरवर ८,८५० दिसलं. मी सायकल आडवी टाकून डांबरावर बसलो. बाबा टॉर्च घेऊन आले आणि वही समोर धरली : पाचाच्या दहा जुड्या आणि वर चार दांड्या. "चोपन्नच आहेत." मी म्हटलं, मीटर म्हणतंय झालं. ते म्हणाले, "मीटर काही म्हणू दे, दोन राहिल्या आहेत."

बरोबर तेच होते. मीटर हवेच्या दाबावरून उंची काढतं, दिवसभरात दाब आणि तापमान बदललं की आकडा सरकतो. धरतात ती चढाची पक्की उंची गुणिले फेऱ्या. चोपन्न गुणिले १६० म्हणजे ८,६४०. पुन्हा बुटाची क्लीट पेडलमध्ये अडकवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. त्या दोन फेऱ्यांना जितका वेळ लागला तितका आधीच्या कुठल्याही चारांना लागला नसेल. एक वाजता संपलं. बाबांनी छप्पन्नावी दांडी मारली, खाली तारीख घातली, सही केली. ती वही मी जपून ठेवली आहे.

तुमच्या महिन्यांबद्दल. पाच धरा. तीन महिने आठवड्यातून दोनदा चढ, मग एकदा ४,४२४ म्हणजे अर्धं करून बघा. ते झाल्यावर दुसऱ्या दिवशी जिना चढवत असेल तर पूर्ण होईल. सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दाते, मागे ३४, याहून जड नको. आयर्लंडच्या रोनन मॅकलॉक्लिनने २०२१ मध्ये ६ तास ४० मिनिटांत केलं ते अत्यंत उभ्या रस्त्यावर. ते बघून उभा चढ शोधू नका, सहा ते आठ टक्के पुरे.

चाळिशीनंतर आधी हृदयाची तपासणी करून घ्या, हे मी आधीच लिहायला हवं होतं. एकटे जाऊ नका. रात्रीसाठी दोन दिवे. कार्तिक पौर्णिमेला जानापावला जत्रा असते, तो दिवस सोडा. उन्हाळ्यात तर नकोच.

आणि सिंहगड आधी करायची गरज नाही. चढलेला मीटर सिंहगडावर जेवढा, तेवढाच जानापाववर. दादा हे वाचत असेल तर त्याने सायकल घेऊन इंदूरला यावं. बाबा अजून खुर्ची टाकून बसायला तयार आहेत, मी विचारलंय.