बाहेरून लावलेली कडी

“मॅडम, एकच सांगा, अगदी खरं सांगा. रात्री उठून ती आम्हाला काही करणार तर नाही ना?”

बायकोसमोर त्याने हे विचारलं नाही. तिला बाहेर बाकावर बसवलं, दार लोटून घेतलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं. शेजारी त्याची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. माणसं बदलतात, पण समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. म्हणून या घराची हकीकत लिहिते. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. “दिवसा सोन्यासारखी पोर आहे ओ,” सासूबाई म्हणाल्या. “पण रात्री मधेच उठून बसते आणि बारक्या पोरीच्या आवाजात बोलते. सकाळी विचारलं तर म्हणते, मला काहीच ठाऊक नाही.” भावकीत कुजबुज सुरू झाली होती. अंगात येतं, असं कुणी म्हणालं. कुणी देवऋष्याचा पत्ता आणून दिला. धाकटा दीर मात्र अडून बसला, की हे डॉक्टरचं काम आहे. त्याने ‘भूल भुलैया’ पाहिला होता.

त्या सिनेमाचे उपकार आधी मानायला हवेत. मूळ मल्याळम सिनेमा १९९३ चा, हिंदी अवतार २००७ चा. भुताची गोष्ट बघायला बसलेल्या लोकांना त्याने सांगितलं, की हे भूत नाही, मनाचा आजार आहे. एरवी ही सून माझ्याकडे येण्याआधी कुणा भगतापुढे जाऊन बसली असती.

पण त्याच सिनेमाने त्या घरात आणखीही काही केलं. खात्री करून घ्यायची म्हणून सगळ्यांनी तो पुन्हा पाहिला. डोळे वटारून एका हाताने पलंग उचलणारी नायिका पाहिली. दुसऱ्या दिवसापासून नवरा बाहेरच्या खोलीत झोपू लागला. विळी आणि सुऱ्या माळ्यावर गेल्या. आणि रात्री सुनेच्या खोलीला बाहेरून कडी लागू लागली.

“कडी लावायला लागल्यापासून त्रास कमी झाला?” मी विचारलं.

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. “वाढला,” सासूबाई म्हणाल्या. “आता रोजच होतं.”

मग ती आत आली. पिशवीतून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं दुमडलेलं पान काढलं. आपल्याकडे दुधाचा हिशोब जसा लिहितात तसा लिहिलेला: प्रत्येक चौकटीत १ लि., खाडा असेल तिथे फुली. पण चार चौकटी कोऱ्या होत्या. त्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, “या दिवशी दूध आलं होतं, चहा झाला होता, सगळे जेवले होते. सगळं मीच केलं म्हणतात. मला त्यातलं काहीही आठवत नाही. मी वेडी होतेय का?”

त्या चार कोऱ्या चौकटींनी मला जेवढं सांगितलं, तेवढं तिच्या बदललेल्या आवाजाने सांगितलं नसतं. कथा-सिनेमांना व्यक्तिमत्त्व दुभंगताना डोळ्यांना दिसावं लागतं. चाल बदलते, नजर बदलते, मागे घुंगरू वाजतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा समोरच्याला फारसं काही कळतच नाही. नजर क्षणभर एका जागी खिळते, बोलता बोलता वाक्य तुटतं. खरा त्रास असतो तो हरवलेल्या वेळेचा. आपण काय केलं, कुठे गेलो, ही साडी कधी घेतली, याचा पत्ताच नसतो. म्हणून अशी माणसं आजार मिरवत नाहीत, वर्षानुवर्षं झाकून ठेवतात.

आता त्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते. एक सज्जन आणि एक सैतान, हा साचा साहित्यात जुना आहे. स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या कादंबरीतले डॉक्टर जेकिल आणि हाइड सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण सज्जन जेकिल ज्या औषधाने दुष्ट हाइड बनतो, ते तो स्वतःच्या इच्छेने पितो, आणि हाइडची कृत्यं त्याला आठवतात. ती गोष्ट आजाराची नाहीच. प्रतिष्ठित माणसाच्या लपवलेल्या वासनांची ती गोष्ट आहे. पुढच्या रहस्यकथांनी तोच सैतान उचलला आणि त्याला रोगाचं नाव दिलं. ‘अपरिचित’ (मूळ तमिळ ‘अन्नियन’, २००५) या सिनेमातला भित्रा वकील दुसऱ्या रूपात माणसं मारत सुटतो. शेवटी खुनी कोण हे उलगडायला लेखकाला हा आजार फार सोयीचा पडतो. पण त्या सोयीची किंमत कुठल्यातरी घरातली सून मोजते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्यक्तिमत्त्व दुभंगण्याच्या या आजाराची मुळं बहुतेक वेळा लहानपणच्या असह्य छळात सापडतात. पळून जायला जागा नसलेलं मूल मनानेच तिथून निघून जातं. ‘हे माझ्याबाबतीत घडतच नाहीये’ ही त्याची जगण्याची युक्ती असते. मोठेपणी तीच युक्ती नको तेव्हा आपोआप चालू होते. अशा माणसाकडून घरच्यांना असलेल्या धोक्यापेक्षा त्याचा त्याच्या स्वतःच्याच जिवाला असलेला धोका कितीतरी मोठा असतो. हे मी त्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, आणि सुऱ्यांपेक्षा तिच्या एकटेपणाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

निदान मी केलं नाही, तो माझा अधिकार नाही. मनोविकारतज्ज्ञांनी आधी फिट्सची शंका काढून टाकायला ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) करून घेतला, बाकी तपासण्या केल्या. डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर, म्हणजे भान आणि आठवण मधूनच तुटण्याचा आजार, आहे असं त्यांनी सांगितलं. तिच्यात दुसरी कुणी स्वतंत्र व्यक्ती आहे, असं लिहायची घाई त्यांनी केली नाही. (छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा पूर्ण वेगळा आजार. नावातल्या ‘छिन्न’मुळे लोक हमखास गल्लत करतात.)

तिसऱ्या की चौथ्या भेटीत तिने कडीचं सांगितलं. सात वर्षांची असताना तिला आजोळच्या धान्याच्या खोलीत कोंडून ठेवायचे. तिथे नात्यातल्या एका माणसाने जे केलं, ते मी लिहिणार नाही. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला की ती आत ‘नाहीशी’ व्हायची. सासरी रोज रात्री तोच आवाज येत होता.

तिच्या संमतीने मी घरच्यांना एवढंच सांगितलं, की कडीचा तिला लहानपणापासून फार मोठा धसका आहे. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या. त्याच रात्री त्यांनी मुलाला पाना आणायला लावला आणि कडी मुळापासून काढून टाकली.

आणखी एक गोष्ट थांबवायची होती. त्या आवाजात सून बोलायला लागली की सासूबाई विचारायच्या, “कोण आहेस तू?” सिनेमात हेच विचारतात. पण घाबरलेल्या मनाला पुन्हा पुन्हा नाव विचारलं, तर ते एखादं नाव देऊही शकतं. अमेरिकेत १९७३ साली सोळा व्यक्तिमत्त्वांच्या ‘सिबिल’ची सत्यकथा गाजली. ती व्यक्तिमत्त्वं उपचार करणारीच्या सूचनांमधून तर घडली नाहीत ना, अशी गंभीर शंका पुढे घेतली गेली. म्हणून मी त्यांना सांगितलं, की दिवा लावा, हलवू नका, ओरडू नका. तिचं नाव घ्या, आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते सांगा, हातात गार पाण्याचा तांब्या द्या.

सिनेमात सूड घेतल्याचा देखावा उभा केला की एका रात्रीत नायिका बरी होते. इथे पहिले तीन महिने आम्ही जुन्या आठवणींना हातसुद्धा लावला नाही. आधी झोप, जेवण, घरात सुरक्षित वाटणं. उदासीसाठी गोळ्या चालू होत्या. हा आजारच पुसून टाकणारी गोळी नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मधे एकदा चांगले सहा आठवडे गेल्यावर त्रास पुन्हा उफाळला, तेव्हा नवरा रडकुंडीला आला. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं म्हणून मी त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. तो मराठीतही चालतो.

नऊ महिन्यांनी तिने पुन्हा कॅलेंडरचं पान आणलं. एकच चौकट तिच्या अक्षरात नव्हती. तिथे सासूबाईंच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: “दूध १ लि. आज सूनबाईला बरं नव्हतं. मी जवळ होते.”