टमी टकसाठी एफडी मोडू का?

साताऱ्याच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आहे. वय 39, दोन सिझेरियन झालेली. सहा महिन्यांत आठ किलो वजन उतरवलं, पण पोटाची लोंबणारी कातडी जात नाही. पुण्याच्या एका क्लिनिकने टमी टकचे, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट घट्ट करणाऱ्या शस्त्रक्रियेचे, 2,70,000 रुपये सांगितले, महिनाअखेरीपर्यंत ठरवलं तर 30 हजारांची सूट. घरात एफडी एकच, 3 लाखांची. ती मोडावी, की तीन वर्षांचं कर्ज काढावं?

ताई, "एवढा खर्च स्वतःवर करणं चुकीचं आहे का," असंही तुम्ही विचारलंय. नाही, चुकीचं नाही. कमावत्या बाईने स्वतःच्या शरीरासाठी पैसे बाजूला काढले, तर त्याची सफाई कुणाला द्यायची गरज नाही. माझा आक्षेप फक्त पैसा कुठून आणि कधी, एवढ्यापुरता आहे.

ती एफडी मोडू नका. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम पैसे देत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, किंवा डॉक्टरांनी आरोग्यासाठी आवश्यक ठरवलेले उपचार, एवढेच अपवाद. आता पुढचा विचार करा. जखमेत पू झाला, कातडीखाली पाणी साठलं किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागेल. मूळ शस्त्रक्रियाच पॉलिसीबाहेरची असल्याने त्या बिलावरही वाद होऊ शकतो. म्हणजे एफडीची गरज पडण्याची शक्यता ज्या महिन्यात सर्वात जास्त, नेमकी त्याच महिन्यात ती संपलेली असेल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता कर्ज. कॉस्मेटिक सर्जरीवर 18 टक्के जीएसटी लागतो. सांगितलेल्या आकड्यात तो धरलाय का, हे विचारा. नसेल, तर सूट धरूनही 2,40,000 चे 2,83,200 होतात. त्यावर 15 टक्के व्याजाने तीन वर्षांचं कर्ज घेतलं, तर हप्ता साधारण 9,800 रुपये आणि नुसतं व्याज 70 हजारांच्या घरात. 30 हजारांची सूट मिळवायला 70 हजार मोजायचे? क्लिनिकमधून बिनव्याजी ईएमआय सुचवला, तर सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा दर आणि सगळे खर्च मांडलेला कागद, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी ते देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. त्यातला वार्षिक दर वाचला की प्रोसेसिंग फीसह खरा भाव कळतो.

माझ्या मते पुढच्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबा. आता जानेवारी आहे. एसआयपी चालू ठेवूनही महिना 22 हजार शिल्लक राहतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्याची 16 महिन्यांची आरडी केली, तर व्याज सोडून 3,52,000 जमतात. सूट न धरता, जीएसटीसकट बिल 3,18,600. उरलेल्यात तपासण्या, पोट आवळून धरणारे दोन पट्टे (प्रेशर गार्मेंट), पुण्याच्या फेऱ्या आणि स्वयंपाकाला बाई. ही बाई हिशेबात धराच. सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही. पाण्याची कळशी नाही, गॅसचा सिलिंडर नाही. सुट्टी असल्याने बिनपगारी रजाही वाचेल.

थांबण्याचा दुसराही फायदा आहे. तुमचं वजन अजून उतरतंय, आणि ते काही महिने स्थिर राहिल्यावरच ही शस्त्रक्रिया करावी, असं प्लास्टिक सर्जन सांगतात. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे ना, तेही बघून घ्या. टाक्यांची जागा बिघडली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या.

एक गोष्ट मात्र आत्ताच करा. खोकताना बेंबीजवळ फुगवटा येतो, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. तो स्नायू फाकल्याचा असू शकतो, हर्नियाचाही असू शकतो. हर्निया असेल, तर तेवढ्या भागाचा खर्च मिस्टरांच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून मिळू शकतो; कातडीच्या कामाचं बिल वेगळं राहील. पण नसलेला हर्निया कागदावर दाखवायला कुणी सुचवलं, तर साफ नाही म्हणा. क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

या आठवड्यात जनरल सर्जनची वेळ घ्या. हर्निया निघालाच तर मला पुन्हा लिहा आणि पॉलिसीची प्रत जोडा. तो किती दिवस लांबवता येईल हे सर्जन सांगतील, आणि त्यानुसार वरचं मे महिन्याचं गणित आपल्याला नव्याने मांडावं लागेल.